हद्द कायम

अर्जाचा विषय तीन ओळींत बसेना,
उरलेला कारकुनानं समासात उभा लिहिला होता:
मौजे उंबरखेडे, गट नंबर दोनशे सतरा,
मालकीच्या शेताच्या नदीकाठास दगडी पिचिंग
करणेस परवानगी मिळणेबाबत.
अर्जदार द्वारकाबाई भिला महाजन.
अंगठा नाही, सही. द-चं शेपूट लांब,
खालच्या ओळीत उतरलेलं.

मी मोजणीला गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.
गिरणा निवळलेली, वळणावर शांतपणे काठ खात.
लिंबाची बाग, सात ओळींपैकी साडेपाच.
त्या अर्ध्या ओळीतली झाडं निम्मी हवेत,
मुळं लोंबत,
तरी एकाला लिंबं होती.
कोतवाल झिपरू मशीनवर छत्री धरून उभा,
स्वतः उन्हात.

फाईलमध्ये आधीचं सगळं टाचलेलं.
पाटबंधारे म्हणतं, काम नदीपात्रात येतं, महसूलला विचारा.
महसूल म्हणतं, उताऱ्यावर बाईंचं नाव आहे,
जागा खाजगी, आमचा संबंध नाही,
मात्र पूररेषेचा दाखला जोडावा.
पूररेषेचा नकाशा ज्या साली काढला
त्या साली नदी पलीकडून जात होती.
शेतसारा मात्र पूर्ण एक हेक्टर बासष्ट आरचा,
पाण्याखालच्या मातीसकट, पावत्या हजर.

काठावर ट्रॅक्टरच्या चाकांची ताजी नक्षी होती,
रात्रीची. वाळू नेणाऱ्यांना
तीन प्रतींत अर्ज कुणी मागितला नव्हता.
मी ती पाहिली. माझं काम हद्दीचं होतं.

मशीननं ईशान्येचा कोपरा दाखवला:
अठरा मीटर आत, वाहत्या पाण्यात.
"तिथं खूण असेल तर दाखवा," मी म्हणालो.
म्हणावं लागतं ते.
बाईंनी चपला काढल्या, लुगडं खोचलं,
आणि उतरल्या.
गुडघा. मांडी. कंबर.
चाचपडल्या नाहीत,
दिवे गेल्यावर माणूस घरातल्या माठाकडे जातो तशा.
"आठे," थांबून म्हणाल्या,
"आठे बांधना दगड व्हता. पाच पावलं तठे मन्ही हीर.
आजूनबी तिनं पानी गोडच व्हई."

नदीच्या तळाशी विहीर.
मी नकाशात तिचं चिन्ह शोधलं. होतं.
निळ्या शाईतलं छोटं वर्तुळ, कोरडं.

मशीन बाईंपाशी नेलं, त्यानं शिटी दिली.
फरक नऊ सेंटिमीटर,
तोही बहुधा उपग्रहाचा.

पंचनाम्यात एक रकाना असतो, हद्दीची खूण:
दगड / झाड / लोखंडी खुंट / नाही.
लागू नसेल ते खोडावे.
मी काही वेळ पेन धरून बसलो.
मग चारही खोडले
आणि लिहिलं, अर्जदार स्वतः.

दोन महिन्यांनी फाईल परत आली, हिरव्या शाईचा शेरा घेऊन:
खूण कायम स्वरूपाची असावी. फेरमोजणी करावी.

होळीच्या आधी जीपमध्ये घालून नेला
शासकीय दगड, अडीच फुटी, घडीव,
डोक्यावर छिन्नीची फुली, अंगाला चुना.
दरम्यान बाग पाच ओळींवर आली होती.
बाईंनी काठाला वाळा लावला होता, वीतभर वाढलेला.
"साहेब, याला लागते का परवानगी?" झिपरूनं विचारलं.
मी दगडाचा दोर सोडवत राहिलो.

दोघांनी दगड आत नेला.
बाई काठावरून हातानं सांगत होत्या,
थोडा डावा, अजून थोडा, हां.
सोडला.
बुडबुडे आले, चुन्याचा पांढरा ढग उठला,
पसरला, खालच्या गावाकडे निघून गेला.

त्या जागेकडे बाई बराच वेळ बघत राहिल्या.
मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या,
"चाला. एक दगड ते पडना."